पिवळा दिवा

समितीच्या खोलीत माझं काम दिव्यांचं.
हिरवा : बोला.
पिवळा : तीस सेकंद उरले.
लाल : आभारी आहोत, पुढचं नाव.
जेफरसन सिटीतली अकरा अधिवेशनं
या अंगठ्याखालून गेली.
त्याला आता घड्याळ लागत नाही.

आज विधेयक सहाशे बारा, जामिनाचं.
चौतीस नावं. खिडकीबाहेर मिसूरी नदी
बर्फाचे तुकडे वाहून नेतेय,
बाजूने की विरोधात, ते न सांगता.

शेरीफांच्या संघटनेचा माणूस आधी.
रंगीत तक्ते. एक मिनिट पन्नासात आटोपला.
सरावाची माणसं थोडा वेळ मागे ठेवून उठतात,
हॉटेलात टिप ठेवावी तसा.

मग ओडेसा प्रूइट.
सायकस्टनहून पहाटे तीनला निघालेली,
कोटाची गुंडी एक घर चुकलेली.
‘माझा लव्हेल एकोणीसचा.
पाचशे डॉलर नव्हते, म्हणून
एकाहत्तर दिवस काउंटीच्या कोठडीत.
मग म्हणाले, खटलाच नाही. जा.
आल्यापासून तो दार उघडं टाकून झोपतो.
जानेवारीत.
मी त्या उघड्या दाराचं गॅसबिल भरते.’

पिवळा.

ती थांबली.
गाडी चालवणारी बाई, पिवळ्याला थांबायचं
एवढं तिला पक्कं माहीत.
अजून बोलता येतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.
मीही नाही.
सदस्य कागद चाळत राहिले,
अळीमिळी गुपचिळी.
तीस सेकंद ती माझ्या दिव्याकडे बघत उभी.

माझे वडील मोबर्लीच्या तुरुंगात
सव्वीस वर्षं किल्ल्या सांभाळत होते.
निवृत्तीनंतर न्हाणीघराचं दारही लावेनात.
आई ओरडायची, पाहुणे आलेत, अहो, दार!
ते आतून म्हणायचे, लावलंय.

एकोणतिसावं नाव : गेल हॅव्हरस्मिथ, जॉप्लिन.
फॉर्मवर खूण ‘विरोधात’च्या चौकोनात,
इतकी दाबून की कागद फाटलेला.
‘लिनेट माझी धाकटी बहीण.
पेट्रोल पंपावर रात्रपाळीला होती.
ज्याने मारलं तो जामिनावर बाहेर होता.
पैसे भरून. दहा हजार, रोख,
दुपारच्या जेवणाआधी.
म्हणून मी म्हणते, कुणालाच सोडू नका.’
पाणी प्यायली.
‘नाही. तसंही नाही.
ती मघाची बाई... तिचा मुलगा...
त्याच्याकडे पाचशे नव्हते, ना?’

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
इथे कुणी आधी विचारतं का,
कुठलं सुकं, कुठलं ओलं?
विचारतात, काडेपेटीचे पैसे कोण देणार.

दोन मिनिटं कधीच उलटली होती.
अंगठा बटणावर होता. तिथेच राहिला.
गेल बोलत होती : लिनेटचे बूट, तिची
अर्धी विणलेली टोपी, मग फॉर्मबद्दल,
की चौकोन दोनच का ठेवलेत.
अध्यक्ष माझ्याकडे वळले, ‘दिवा बिघडलाय?’
‘हो सर,’ म्हटलं, ‘पिवळ्यावर अडकलाय.’
अकरा वर्षांतलं माझं पहिलं खोटं,
निदान या खोलीतलं.

विधेयक पुढल्या मंगळवारवर गेलं.
कोट टांगायच्या खुंट्यांपाशी दोघी
एकमेकींचा कोट काढायला वाट देत होत्या,
दोघींचेही करडेच.
गेल म्हणाली, ‘त्रेसष्ट नंबरच्या रस्त्यावर बर्फ आहे म्हणे.’
ओडेसा म्हणाली, ‘सकाळीही होतं.’
एवढंच. मी कान देऊन ऐकलं, तरी एवढंच.

रात्री नोंद टाइप करताना
त्या तीस सेकंदांपाशी येऊन अडले.
नियमपुस्तकात शांततेला चिन्ह नाही.
एक ओळ कोरी सोडली.
मग अजून एक.
उद्या साहेब त्या काढून टाकतील,
कागद वाचवायचा असतो.